वाचक क्रमांक तीन

चहा पिऊन ती जागेवर परत आली, खुर्ची ओढली, स्पीकरची गोल कळ उजवीकडे फिरवली, वरच्या बाणाचं बटण दाबलं, आणि मास्तर म्हणाले, "एवढंच सुख की तिच्यासमोर चेहरा सांभाळावा लागत नाही."

मास्तर हे तिने स्क्रीन रीडरला ठेवलेलं नाव. संगणकाच्या पडद्यावर जे असेल ते मोठ्याने म्हणून दाखवणं एवढंच त्यांचं काम, आणि एकोणीस वर्षं ते काम त्यांनी एकाच पट्टीत, न खाकरता, न कंटाळता केलं होतं. कर्करोग आणि साधी गाठ त्यांना सारखीच. म्हणून पहिल्या क्षणी तिला वाटलं, हेही कुठल्या तरी अहवालातलंच वाक्य असणार. पण मांसाच्या तुकड्यांच्या अहवालात सुख हा शब्द येत नाही. ती हा विचार करत होती तेवढ्या वेळात मायक्रोफोनला ते ऐकू गेलं, वाक्य पुन्हा लिहिलं गेलं, मास्तरांनी ते पुन्हा म्हटलं, आणि म्हटलेलं पुन्हा लिहिलं गेलं. आपण न बोललेलं वाक्य आपल्याच टेबलावर गोल गोल फिरतंय हे लक्षात आल्यावर तिने मायक्रोफोनची वायर चाचपडून धरली आणि ओढली. वायर निघून आली, लिहिणं बंद पडलं, आणि मायक्रोफोन दांडीसकट आडवा झाला. आतल्या बंद खोलीतून साहेबांचा आवाज आला, "काय पडलं हो ताई?"

"काही नाही. वायर सैल होती."

"सांभाळून हं," साहेब म्हणाले. ते नेहमीच असं म्हणत.

सांभाळून. तिने हेडफोन कानाला लावले, बाण वर वर नेत सगळ्या मजकुराच्या डोक्याशी जाऊन बसली, आणि हात मांडीवर ठेवून मास्तरांना म्हणाली, वाचा.

या प्रयोगशाळेत दवाखान्यांतून शरीराचे तुकडे येत. डॉक्टर ते कापत, मोजत, भिंगाखाली बघत आणि दिसेल ते टेपमध्ये बोलत जात. तीन तुकडे, स्वल्पविराम, करडे-पांढरे, स्वल्पविराम, सर्वांत मोठा दोन गुणिले एक सेंटीमीटर, पूर्णविराम. ती ते ऐकून टाइप करी. अकराव्या वर्षापर्यंत तिला दिसत असे, त्यामुळे करडा म्हणजे काय आणि पिवळट म्हणजे काय हे तिला ठाऊक होतं. कधी कधी तिला वाटे, या इमारतीत ते रंग नीट लक्षात असलेली आपण एकटीच आहोत, बाकीचे नुसते बघतात. गेल्या सोमवारी मुख्य कचेरीतून नवीन सॉफ्टवेअर आलं. माणसाने बोलायचं, ते लिहिणार. टंकलेखिकेचं पद या महिन्याअखेर संपणार होतं. त्याऐवजी तपासनीस असं पद निघालं होतं: डॉक्टर बोलतील, यंत्र लिहील, तपासनिसाने ते ऐकून दुरुस्त करायचं, दुरुस्त्या तोंडाने सांगायच्या. ते पद तिला मिळणार होतं, एका अटीवर. पंधरा दिवसांच्या चाचणीनंतर तिने स्वतः एक तक्ता भरून द्यायचा होता आणि त्यातला सातवा प्रश्न असा होता: सदर सॉफ्टवेअर स्क्रीन रीडरसह चालते का? होय किंवा नाही. नाही लिहिलं की कुणी तिला जा म्हणणार नव्हतं. जायला लागलं असतं एवढंच.

नव्या सॉफ्टवेअरला तिने लेखनिक म्हणायला सुरुवात केली. शाळेच्या परीक्षांत तिला लेखनिक मिळत, खालच्या वर्गातली मुलं, ती सांगेल ते लिहिणारी, एकदा तर उत्तर चुकीचं आहे म्हणून मनानेच बदलणारी. हा लेखनिक तसा नव्हता. हा सगळंच लिही. चार दिवस तिचा जीव मेटाकुटीला आला होता. लेखनिक चालू केला की मास्तरांचा आवाज हेडफोनमधून निघून जाई आणि समोरच्या स्पीकरमधून मोठ्याने येई. तो मायक्रोफोनला ऐकू जाई. मग ती बोले, लेखनिक लिही, लिहिलेलं मास्तर वाचत, वाचलेलं लेखनिक पुन्हा लिही, ते मास्तर पुन्हा वाचत. दोन म्हातारे एकमेकांचं ऐकून मान डोलवताहेत आणि ज्या बाईने प्रश्न विचारला तिला कुणी विचारत नाही, असा प्रकार. थांबवायचं बटण शोधावं तर मास्तर नुसते म्हणत, "बटण. बटण. बटण." बटणांना नावं देण्याचं काम ते बनवणाऱ्यांनी केलंच नव्हतं, बघणाऱ्याला चित्र दिसतं, मग नाव कशाला. लेखनिक ऐकतोय की नाही हे कळायला पडद्याच्या कोपऱ्यात लाल ठिपका असतो, असं तंत्रज्ञ पहिल्या दिवशी तिला म्हणाला होता, आणि लगेच घाईघाईने विषय बदलला होता. आणि तिचा पडदा तर कायमच काळा असे. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात साहेबांनी स्वतः तो बंद केला होता, "तुम्हाला उपयोग नाही ताई, वीज कशाला जाळायची?" म्हणून. आज वैतागून तिने स्पीकरची कळ शून्यावर आणली होती, हेडफोन टेबलावर टाकले होते आणि ती चहाला गेली होती. मायक्रोफोन चालू राहिला. लाल ठिपका काळ्या पडद्यामागे जळत राहिला. डोळे असलेल्या माणसांना तो दिसला नाही, कारण तिच्या टेबलावर बघण्यासारखं काही असतं हेच त्यांना कधी वाटलं नव्हतं.

मास्तरांनी वाचलं. विरामचिन्हं नव्हती, बोलताना ती कुणी म्हटली नव्हती.

गेली का गेली चहाला ती हेडफोनची खूण काढलेली आहे ना काढलीये पहिल्याच दिवशी तिला अजून कळलेलं नाही कळायलाही नको पंधरा दिवस झाले की तीच लिहून देईल जमत नाही म्हणून मग आपल्यावर काही येत नाही मला नाही बरं वाटत हे बरं कुणाला वाटतंय पण किती वर्षं सांभाळायची काउंटर आणि तपासणी दोन्ही बघेल असं माणूस हवं एवढंच सुख की तिच्यासमोर चेहरा सांभाळावा लागत नाही बरं तो ट्रे कुठंय

तिने ते चार वेळा ऐकलं. पहिल्या दोन्ही वेळी राग आला, आणि तिसऱ्या वेळी तिच्या ध्यानात आलं की आपण एक गोष्ट ऐकण्याचा प्रयत्न करतोय आणि ती इथे नाहीच. आवाज नव्हते. माणसं बोलली होती आणि लेखनिकाने त्यांचे आवाज सोलून टाकले होते, एखाद्या फळाची साल काढून फेकावी तसे, आणि उरलेलं मास्तरांच्या तोंडी घातलं होतं. आयुष्यभर तिने माणसं आवाजावरून ओळखली होती. नुसती ओळखली नव्हती, जोखली होती. कोण खोटं बोलतंय, कोण घशात अडकलेलं गिळतंय, कुणाच्या हसण्यात दात आहेत, हे तिला पहिल्या दोन शब्दांत समजे, निदान समजतं असं ती धरून चालली होती. आणि आता ती तीन माणसं तिच्यासमोर उभी होती आणि तिघांचा आवाज एकच होता, तोही तिच्या सगळ्यांत जवळच्याचा. इतकी वर्षं ज्याने तिला अहवाल, पत्रं, बातम्या, बापाच्या मृत्यूचा दाखला वाचून दाखवला त्यानेच आज तिला हेही सांगितलं होतं, त्याच पट्टीत.

दुपारच्या त्या वेळी प्रयोगशाळेत तिघंच असत. साहेब, म्हणजे व्यवस्थापक. डॉक्टर. आणि किल्ली. किल्ली नोंदणीच्या काउंटरवर बसे. कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगा तिच्या कमरेला असे आणि ती हलली की तो वाजे, म्हणून तिला हे नाव पडलं होतं. साहेबांची वाक्यं वेगळी काढणं अवघड नव्हतं. आपल्यावर काही येत नाही हे त्यांचंच. त्या माणसावर आजवर कधी काही आलं नव्हतं. काउंटर आणि तपासणी हेही त्यांचंच. पण बाकीच्या दोन वाक्यांचं काय? मला नाही बरं वाटत हे. एवढंच सुख की. ही दोन वाक्यं तिने दोन हातांत घेतली आणि तोलत बसली. यातलं एक किल्लीचं असणार. डॉक्टर असल्या बोलण्यात भाग घेतील असं वाटत नव्हतं, पण तसं तर कुणाबद्दलच वाटत नव्हतं. पहिलं वाक्य किल्लीचं असेल तर जगात अजून काही तरी जागेवर होतं. दुसरं तिचं असेल तर. तिने दुपारभर सोळा अहवाल टाइप केले. एकही चूक नव्हती. राग आला की तिची बोटं जास्त नीट चालत.

साडेपाचला कमरेचा जुडगा वाजत वाजत टेबलापाशी आला. "चल गं, निघायचं ना? आज फारच तोंड पाडून बसलीयेस. झालं नाही का अजून तुझं ते यंत्र?"

"नाही जमत."

"जाऊ दे. इतकं काय जिवाला लावून घ्यायचं?" किल्ली म्हणाली आणि कोपर पुढे केलं.

तिने ते धरलं. रोज धरत होती तसंच, अंगठा आत, चार बोटं बाहेर. खरं तर तिला त्याची गरज नव्हती. बस थांब्यापर्यंतचा रस्ता म्हणजे एकशे बारा पावलं, मग फुटपाथची कड, मग दुरुस्तीच्या दुकानातला रबराचा वास, मग डावीकडे. काठीने ती तो झोपेतही चालली असती. पण नोकरीच्या पहिल्या दिवशी किल्लीने कोपर पुढे केलं होतं आणि तिला वाटलं होतं, हिला बरं वाटतंय तर असू दे. किल्ली तेव्हा नवऱ्याला सोडून आली होती, कुणी तरी आपल्यावर विसंबून आहे एवढंच तिला हवं होतं. म्हणजे एकोणीस वर्षं ती किल्लीला सांभाळत होती. आणि तिकडे कुणी तरी म्हणत होतं, किती वर्षं सांभाळायची. आज चालताना तिला प्रथमच वाटलं की या हाताच्या वरच्या टोकाला एक चेहरा आहे, आणि तो या क्षणी काय करतोय ते मला ठाऊक नाही. बोलताना किल्ली हसत असेल. डोळे फिरवत असेल. समोरून येणाऱ्या ओळखीच्याला खूण करत असेल, बघतोस ना माझी रोजची हमाली. आवाज गोड ठेवून तोंड वाकडं करता येतं का? तिने मनातल्या मनात करून बघितलं. येत होतं. अगदी सहज येत होतं. इतकी वर्षं हे आपल्या डोक्यात कसं आलं नाही याचंच तिला हसू आलं, आणि किल्ली लगेच म्हणाली, "काय गं, काय झालं हसायला?" म्हणजे तिचा चेहरा मात्र सगळ्यांना उघडाच.

घरी आई होती. आईचे कान गेल्या पाच-सहा वर्षांत जवळजवळ गेले होते. दार उघडताच आई ओरडली, "काय झालं? कुणी काही बोललं का?"

"काही नाही."

"ओठ हलवून नीट बोल. मला ऐकू येत नाही, तुला दिसत नाही, आणि घर चालतंय. सरकारने आपल्याला बक्षीस द्यायला पाहिजे."

तिने आईसमोर बसून, तोंड मोठं उघडून सगळं सांगितलं नाही. फक्त विचारलं, "आई, माझे डोळे तपासायला नेलं होतं तेव्हाची ती टायपिस्ट आठवते तुला?"

ही आठवण तिने जपून ठेवलेली होती, इतकी की ती कधी वापरायला काढत नसे. अकराव्या वर्षी, डोळ्यांच्या दवाखान्यात, एका लोखंडी स्टुलावर तिला बसवलं होतं. बाबा उजवीकडे, आई मागे. डॉक्टर त्यांच्याशी काही बोलले नाहीत. ते कोपऱ्यात बसलेल्या टायपिस्टला सांगत होते आणि टाइपरायटर खडखडत होता. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा ऱ्हास, स्वल्पविराम, वाढता. मग ते म्हणाले, दृष्टी परत येण्याची शक्यता नाही. आणि टाइपरायटर थांबला. एक, दोन, तीन, चार. मग पुन्हा सुरू झाला आणि ते वाक्य पूर्ण झालं. बाबा शाळेत पदार्थविज्ञान शिकवत. त्यांनी तिचा खांदा धरला, आणि पुढची सात वर्षं तिला पुस्तकं वाचून दाखवली, स्वल्पविरामासकट. पण त्या दिवशी तिच्यासाठी कुणी थांबलं होतं तर ती टायपिस्ट. बाईचं तोंड तिने पाहिलं नव्हतं, नीटसं दिसतच नव्हतं तेव्हा. तिला फक्त तो थांबलेला आवाज माहीत होता. मोठेपणी ती टंकलेखिका झाली याचं कारण लोक विचारत तेव्हा ती सांगे, दुसरं काय मिळणार होतं? ते खरं होतं. पण आतलं कारण ते चार सेकंद होते. ज्याच्या बोटांखालून माणसांची नशिबं जातात त्याला थांबता आलं पाहिजे, असं काहीसं.

"आठवते की," आई ओरडली. "निळं स्वेटर. सारखी नाक ओढत होती, सर्दी होती तिला. का?"

"डॉक्टर ते वाक्य म्हणाले तेव्हा ती थांबली होती. टाइप करायची थांबली होती."

आईने ते दोनदा म्हणायला लावलं. मग म्हणाली, "हो, थांबली. कागद संपला होता तिचा. नवीन घालत होती. तो वाकडा गेला, पुन्हा काढून घातला. मी बघत होते ना. मला वाटलं, आता तरी लवकर आटप बाई, माझ्या पोरीला किती वेळ ते ऐकत बसायला लावशील." मग, तिच्या तोंडाकडे बघून असेल, आईने विचारलं, "तुला काय वाटलं होतं?"

"काही नाही," ती म्हणाली. तोंड पूर्ण उघडून, ओठ हलवून. काही नाही.

दुसऱ्या दिवशी ती एक तास लवकर गेली. पहारेकऱ्याने दार उघडून दिलं. लेखनिकाच्या आत एक खिडकी होती, तिथे मास्तर म्हणत, चौकट, खूण आहे, चौकट, खूण नाही. अकरा चौकटी, एकीलाही नाव नाही. बाबा सांगत, प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दोन बदलल्यास तर निसर्ग तुझ्याशी खोटं बोलेल. तिने पहिली चौकट बदलली, लेखनिक चालू केला, एक शब्द बोलली, मास्तर कुठून बोलतात ते ऐकलं, चौकट परत पूर्ववत केली. दुसरी. तिसरी. सातव्या चौकटीवर खूण केली, "करडा" असं म्हटलं, आणि मास्तर अगदी कानाशी, हेडफोनमध्ये म्हणाले, "करडा." स्पीकर गप्प. मायक्रोफोन गप्प. तिने एक अख्खा अहवाल बोलून काढला. दोन चुका निघाल्या, त्या तोंडानेच दुरुस्त केल्या. तिला कुठलाही आनंद झाला नाही. चार दिवस आपण वेंधळ्या आहोत असं समजून जी लाज वाटली होती ती लाज आता कुठे ठेवायची हे तिला कळेना. कुणी तरी तिच्या जागेवर येऊन, पडदा लावून, एक खूण पुसून, पडदा पुन्हा काळा करून गेलं होतं. तिच्या टेबलावरचा पाण्याचा पेला कुणी इंचभर हलवला तरी तिला कळे. हे कळलं नव्हतं.

मग तिने एक पान तयार केलं. लेखनिकाला प्रत्येकाचा आवाज ओळखीचा व्हावा म्हणून वापरणाऱ्यांनी एकेक पान मोठ्याने वाचून दाखवायचं असतं. तंत्रज्ञ सांगून गेला होता, मजकूर तुमच्या रोजच्या कामातला घ्या, आणि साहेबांनी ते काम तिच्यावरच सोपवलं होतं. वरच्या भागात तिने एका आतड्याच्या तुकड्याचं वर्णन घातलं. खालच्या भागात एका गाठीचं. मधे, नवा परिच्छेदही न पाडता, कालचा मजकूर. या वेळी तिने विरामचिन्हं घातली. आणि वाक्य कुठे येतं ते दोनदा मोजून बघितलं: तेविसावी ओळ, पानाच्या ऐन मध्यावर. पान उलटायला लागू नये. कागद बदलायला लागू नये. कुणी नाक ओढत असेल तर ते आधीच ऐकून ठेवायचं.

साहेब पहिले आले. आतड्याचं वर्णन त्यांनी मुलाखतीला बसल्यासारखं वाचलं. मग "गेली का? गेली चहाला," इथवर आले, आणि त्यांचा आवाज घोट्यात मुरगळला. "हे... हे काय आहे ताई?"

"नमुना आहे, साहेब. रोजच्या बोलण्यातला."

"कुठून घेतला?"

"कामातूनच. वाचा ना. ठिपका लाल आहे, ते ऐकतंय."

ते वाचत गेले, भरभर, कुणी मागे लागल्यासारखे. एका दमात गाठीपर्यंत पोचले. खुर्ची सरकली. "बघू आपण, यावर बोलू," असं म्हणून ते आत गेले आणि आतून कडी लागली. त्या खोलीला कडी आहे हे तिला आजवर माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी नेहमीसारखं, स्वल्पविराम म्हणत वाचलं. "एवढंच सुख की तिच्यासमोर चेहरा सांभाळावा लागत नाही, पूर्णविराम." वेग तोच. एकोणीस वर्षं तिने तो वेग कानात वागवला होता. बाळाच्या मूत्रपिंडातली गाठ सांगतानाही तो बदलला नव्हता. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "मधला भाग फार गचाळ आहे, बाई. कोण कुणाला बोलतंय तेच कळत नाही."

"हो," ती म्हणाली. "मलाही कळत नाही."

त्यांनी कागद टेबलावर ठेवला. मग गेले. त्यांच्याबद्दल तिला काहीच कळलं नाही, आणि प्रयोग म्हटला की असं होतं.

किल्ली तिसरी. जुडगा वाजला, खुर्ची कुरकुरली, कागद हातात घेतल्याचा आवाज. सर्दी नव्हती. "इतकं सगळं वाचायचं? चष्मा आणते हं." चष्मा आला. किल्ली वाचायला लागली, जरा सुरात, शाळेत बक्षीस मिळवलेल्या मुलीसारखी. आतडं संपलं. गेली का. गेली चहाला. सूर गेला, पण आवाज चालू राहिला. ती हेडफोनची खूण. इकडे ती टेबलावर तळवे उपडे ठेवून ऐकत होती, आणि तिला जाणवलं की आपण प्रार्थना करतोय, एका ओळीसाठी. मला नाही बरं वाटत हे. इथे थांब, ती मनात म्हणाली. थांब ना गं. इथे थांबलीस तर मी हा कागद फाडून टाकीन, आयुष्यभर तुझं कोपर धरीन. किल्ली थांबली नाही. ते वाक्य तिने दुसऱ्या कुणाचं तरी असल्यासारखं वाचलं, अगदी सपाट. मग बरं कुणाला वाटतंय. मग काउंटर. मग आवाज बंद झाला.

एक. दोन. तीन. चार.

कागद हलला नाही. जुडगासुद्धा वाजला नाही. मग किल्लीने ते वाक्य वाचलं, नेहमीच्या, बसच्या रस्त्यावरच्या, गोड आवाजात, आणि पुढे गाठीचं वर्णनही पूर्ण केलं, मापांसकट. "झालं?" तिने विचारलं.

"झालं. छान वाचलंस."

मला नाही बरं वाटत हे, असं जे कुणी म्हणालं होतं ते साहेब तरी असतील किंवा डॉक्टर. त्याने काही फरक पडत नव्हता, आणि पडत होता, आणि ते तिला कधीच कळणार नव्हतं. किल्ली गेल्यावर तिने लेखनिकाने लिहिलेलं मास्तरांकडून वाचून घेतलं. सगळे शब्द होते. माणूस हवं, एवढंच सुख. एकाला लागून एक, मधे काही नाही. चार सेकंद त्याने नुसते टाकून दिले होते.

साडेपाचला जुडगा वाजला नाही. तरी किल्ली दारात होती. किल्ल्या मुठीत घट्ट धरल्या असणार, पण श्वास मुठीत धरता येत नाही. इतकी वर्षं मास्तर तिच्यासाठी तिप्पट वेगाने बोलत. दुसऱ्या कुणाला त्यातलं अक्षर कळत नसे, पाखरांचा कलकलाट वाटे. चाचणीसाठी तंत्रज्ञाने त्यांना माणसांच्या वेगावर आणलं होतं आणि ती चार दिवस त्याला शिव्या देत होती. आज तो वेग तिने तसाच ठेवला. हेडफोन काढले. स्पीकरची कळ उजवीकडे, शेवटापर्यंत फिरवली, आणि चाचणीचे दहा दिवस बाकी असतानाच भरलेला तक्ता मास्तरांना वाचायला सांगितला.

"प्रश्न सात. सदर सॉफ्टवेअर स्क्रीन रीडरसह चालते का? होय. शेरा. सातव्या चौकटीवर खूण असणे आवश्यक. ती पहिल्या दिवशी काढण्यात आली होती, पाचव्या दिवशी परत करण्यात आली. आवाजांचे नमुने, तीन. वाचक क्रमांक एक, घाई. वाचक क्रमांक दोन, निष्कर्ष नाही. वाचक क्रमांक तीन, उच्चार स्पष्ट, चुका दोन. सॉफ्टवेअरने न नोंदवलेली बाब. तेविसाव्या ओळीत, एवढंच या शब्दाआधी, चार सेकंदांचा विराम. पान उलटलेले नाही."

मास्तर थांबले. दारातून किल्लीचा आवाज आला, किती तरी वेळाने. "चल ना. बस जाईल."

तो आवाज नेहमीचाच होता. इतका नेहमीचा की तिला त्याची भीती वाटली. तिने हात पुढे करून काळ्या पडद्याची कड चाचपली, खालच्या बाजूचं छोटं बटण शोधलं. एकोणीस वर्षांत तिने ते एकदाही दाबलं नव्हतं. दाबलं. आत बारीक गुणगुण सुरू झाली आणि तळव्याला थोडं गरम लागलं. म्हणजे उजेड आला असणार. तिने दोन्ही हातांनी पडदा धरला आणि तो दाराकडे वळवला, श्वास जिथून येत होता तिकडे, नीट चेहऱ्याच्या उंचीवर.

"मास्तरांनी वाचलं, आता तू वाच," ती म्हणाली. "मोठ्यानं. आणि मधे थांबू नकोस."